स्वादुपिंडाच्या कर्करोगातील पेशीसंदेशवहन आणि औषधरोध

शरीरातील प्रत्येक पेशीला वाढावे केव्हा, विभाजन पावावे केव्हा आणि मरावे केव्हा याचे आदेश बाहेरून मिळत असतात. हे आदेश पेशीच्या पृष्ठभागापासून केंद्रकापर्यंत प्रथिनांच्या साखळीमार्फत पोहोचतात. या क्रियेला पेशीसंदेशवहन म्हणतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात या साखळीतील काही दुवे कायमचे बिघडलेले असतात. बाहेरून आदेश आलेला नसतानाही पेशीला ‘वाढ’ असा आदेश मिळत राहतो. या साखळ्या परस्परांत गुंतलेल्या असल्यामुळे औषधाने एक वाट अडवली, तरी आदेश दुसऱ्या वाटेने पोहोचतो. त्यामुळे औषध एकतर मुळातच लागू पडत नाही, किंवा आरंभी लागू पडून काही महिन्यांत निकामी ठरते. या स्थितीस औषधरोध असे म्हणतात.

मराठीत या अर्थाने कधीकधी ‘प्रतिकार’ हा शब्द वापरला जातो. तथापि ‘प्रतिकारशक्ती’ म्हणताच वाचकाच्या मनात रुग्णाची रोगाशी झुंजण्याची ताकद येते. येथे प्रतिकार रुग्णाचा नसून गाठीचा आहे आणि तो रोगाविरुद्ध नसून औषधाविरुद्ध आहे. म्हणून या लेखात ‘औषधरोध’ हाच शब्द योजला आहे.

स्वादुपिंड आणि त्याचा कर्करोग

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी असलेली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी आहे. ती दोन कामे करते. तिच्यातील बहुतांश पेशी पाचकरस तयार करतात व तो नलिकांवाटे लहान आतड्यात जातो. लँगरहॅन्सची द्वीपके या नावाने ओळखले जाणारे पेशीसमूह इन्शुलिनसारखी संप्रेरके थेट रक्तात सोडतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी ९० टक्क्यांहून अधिक कर्करोग नलिकांशी संबंधित प्रकारचे असतात. त्यांना नलिकाजन्य ग्रंथिकर्करोग म्हणतात आणि प्रस्तुत लेख त्यांच्याविषयीच आहे. द्वीपकांतील पेशींपासून होणारा कर्करोग हा वेगळा आजार असून तो बहुधा सावकाश वाढतो. ॲपल कंपनीचे संस्थापक स्टीव्ह जॉब्झ यांना तो दुसऱ्या प्रकारचा आजार होता. वृत्तपत्रांत दोहोंचा उल्लेख एकाच नावाने होत असल्याने वाचकांचा गोंधळ होतो.

जगभरात २०२२ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार रुग्ण या रोगाने दगावले. नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ असणे ही या रोगाची खरी ओळख आहे. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. महाराष्ट्र व गोव्यातील अनेकांना या रोगाचे नाव परिचित झाले ते मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणामुळे. गोव्याच्या मुख्यमंत्रिपदी असतानाच १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

रोग उशिरा लक्षात येतो, हे या मृत्युसंख्येचे एक कारण आहे. पोटाच्या खोल भागात वाढणारी गाठ आरंभी दुखत नाही आणि हाताला लागतही नाही. कावीळ, पाठीत जाणारी पोटदुखी, वजन घटणे किंवा उतारवयात अचानक उद्भवणारा मधुमेह ही लक्षणे दिसेपर्यंत रोग बहुधा पसरलेला असतो. निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेने गाठ काढता येईल असे रुग्ण साधारणतः १५ ते २० टक्केच असतात. उरलेल्यांची भिस्त औषधांवर असते, आणि तेथेच औषधरोधाचा प्रश्न उभा राहतो.

बिघडलेली कळ : के-रास

संदेशवहनाची सर्वसाधारण रीत अशी असते. पेशीच्या पटलावर ग्राही नावाची प्रथिने असतात. वाढीचा घटक बाहेरून येऊन ग्राहीला चिकटला की ग्राहीचा आतील भाग जागा होतो आणि पटलाच्या आतल्या बाजूस असलेल्या रास नावाच्या प्रथिनाला कार्यान्वित करतो. रास पुढच्या प्रथिनाला जागे करते, ते त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी केंद्रकातील जनुके कामाला लागतात.

रास हे नाव ‘रॅट सार्कोमा’ या शब्दांतील आद्याक्षरांवरून आले. उंदरांमध्ये मांसार्बुद उत्पन्न करणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासातून ही जनुके प्रथम लक्षात आली. त्यांपैकी व्हेर्नर कर्स्टन यांनी १९६७ साली वर्णन केलेल्या विषाणूवरून एका जनुकाला के-रास हे नाव मिळाले. मानवी कर्कपेशींतही बदललेले रास जनुक असते हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत के-रास बदललेले असते, हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. आज हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास मानले जाते. इतर कोणत्याही प्रमुख कर्करोगात एकाच जनुकाचे एवढे वर्चस्व क्वचितच आढळते.

के-रास हे विजेच्या बटणासारखे काम करते. त्याला जीटीपी नावाचा रेणू चिकटलेला असताना ते ‘चालू’ असते. जीटीपीचे विघटन होऊन जीडीपी उरला की ते ‘बंद’ होते. हे विघटन के-रास स्वतः फार मंदपणे करते. त्याला एक मदतनीस प्रथिन लागते व ते आपले एक टोक के-रासच्या खोबणीत घालून विघटनाचा वेग वाढवते. या खोबणीपाशी, के-रासच्या साखळीत बाराव्या स्थानी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. जनुकातील एका अक्षराच्या फरकाने तेथे दुसरे, आकाराने मोठे अमिनो आम्ल आले की मदतनीसाच्या टोकाला जागाच उरत नाही. बटण चालूच राहते. सुमारे १८८ अमिनो आम्लांच्या साखळीत एकाच ठिकाणी झालेला हा बदल आहे.

ग्लायसीनच्या जागी कोणते आम्ल येते त्यावरून या बदलांना नावे आहेत. ॲस्पार्टिक आम्ल आल्यास जी१२डी, व्हॅलीन आल्यास जी१२व्ही, आर्जिनीन आल्यास जी१२आर आणि सिस्टीन आल्यास जी१२सी असे म्हणतात. स्वादुपिंडात जी१२डी सर्वाधिक म्हणजे सुमारे ४० टक्के रुग्णांत आढळतो, तर जी१२सी केवळ १ ते २ टक्क्यांत. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

के-रासमधील बदल हा या रोगाचा आरंभबिंदू असला तरी तो एकटा पुरेसा नसतो. नलिकांतील अगदी प्रारंभीच्या, अद्याप निरुपद्रवी असलेल्या जखमांतही तो सापडतो. त्यानंतर पेशीविभाजनाला लगाम घालणारी सीडीकेएन२ए, टीपी५३ आणि स्मॅड४ ही जनुके निकामी होत जातात व मग पूर्ण कर्करोग आकार घेतो. पहिल्या बदलापासून कर्कपेशी तयार होण्यास एक दशकाहून अधिक काळ लागत असावा, असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मांडला गेला. म्हणजे रोग झपाट्याने वाढतो असे वाटते ते शेवटच्या टप्प्यापुरतेच. आधीची वर्षे तो कुणाच्या नजरेस पडत नाही.

पुढच्या साखळ्या

के-रासपासून निघणाऱ्या अनेक वाटांपैकी दोन प्रमुख आहेत. पहिली राफ, मेक व ईआरके या तीन प्रथिनांची. ही मुख्यतः विभाजनाचा आदेश नेते. दुसरी पीआय-३-के, एकेटी व एमटॉर यांची. ही पेशीचे पोषण आणि तिचे मरण टाळणे यांच्याशी निगडित आहे. यांखेरीज टीजीएफ-बीटा, हेजहॉग, नॉच, डब्ल्यूएनटी हे मार्गही या रोगात गुंतलेले आहेत. पैकी टीजीएफ-बीटाची वागणूक दुटप्पी आहे. निरोगी पेशीत तो वाढ थोपवतो. स्मॅड४ नष्ट झालेल्या पेशीत मात्र तो थोपवण्याचे काम सोडून पेशीला चिवट व भटकी होण्यास मदत करतो. सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठींत स्मॅड४ निकामी झालेले असते.

या साखळ्या सरळ रेषेत चालत नाहीत, हा मुद्दा ध्यानात घेतल्याशिवाय औषधरोध समजत नाही. निरोगी पेशीत ईआरके पुरेसे कार्यान्वित झाले की ते उलट दिशेने संदेश पाठवून वरच्या ग्राहींना आवरते. विहिरीतील पाणी टाकीत चढवताना टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, तशीच ही योजना आहे. याला पुनर्भरण म्हणतात. आता औषधाने मेक अडवले तर ईआरके शांत होते खरे, परंतु त्याबरोबर वरच्या ग्राहींवरचा वचकही जातो. ते अधिक जोमाने आदेश देऊ लागतात, आणि तो आदेश पीआय-३-केच्या वाटेने पुढे जातो. मेकला अडवणारे ट्रामेटिनिब हे औषध जेमसायटॅबीनच्या जोडीने दिले असता रुग्णांचे आयुष्य वाढले नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. औषध आपले काम करीत होते. पेशीला मात्र त्या एका वाटेवर अवलंबून राहण्याची गरज नव्हती.

महिन्यांचा हिशेब

या रोगावरील औषधांची प्रगती वर्षांत नव्हे, तर महिन्यांत मोजली जाते. हे मोजमाप मध्यक आयुर्मानाने करतात. निम्मे रुग्ण ज्या काळापेक्षा अधिक जगले तो काळ म्हणजे मध्यक. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जेमसायटॅबीन घेणाऱ्यांचा मध्यक ५.६५ महिने होता व जुने फ्लुरोयुरॅसिल घेणाऱ्यांचा ४.४१ महिने. एवढ्या फरकावर जेमसायटॅबीन पुढे दीड दशक प्रमुख औषध राहिले.

संदेशवहनावर नेम धरणारे पहिले मान्यताप्राप्त औषध एर्लोटिनिब. ते ईजीएफआर या ग्राहीला अडवते. जेमसायटॅबीनच्या जोडीने ते दिल्यावर मध्यक ५.९१ महिन्यांवरून ६.२४ महिन्यांवर गेला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ग्राह्य ठरला आणि अमेरिकेत २००५ मध्ये औषधाला मान्यताही मिळाली. पण ०.३३ महिना म्हणजे अवघे दहा दिवस, आणि तेही अंगावरील पुरळ व जुलाब सोसून. कारण आता उघड आहे. ग्राही अडवला तरी त्याच्या खालचे के-रासचे बटण चालूच होते. दारावरची घंटा काढून टाकल्याने घरातला भोंगा थांबत नाही.

नेमक्या लक्ष्याऐवजी जहाल रसायनांच्या मिश्रणांनीच अधिक यश दिले, हे या इतिहासातील एक कटू सत्य आहे. चार औषधांच्या फोलफिरिनॉक्स या मिश्रणाने २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत मध्यक ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर नेला. २०१३ मध्ये अल्ब्युमिनशी जोडलेले पॅक्लिटॅक्सेल व जेमसायटॅबीन या जोडीने तो ६.७ वरून ८.५ महिन्यांवर गेला. मिश्रण जितके जहाल तितका रुग्ण धडधाकट हवा, ही त्यांची मर्यादा आहे.

औषध पेशीपर्यंत पोहोचताना

रसायनोपचारालाही रोध होतोच. जेमसायटॅबीनचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हा रेणू पाण्यात विरघळणारा असल्याने पेशीचे स्निग्ध पटल स्वतःहून ओलांडू शकत नाही. एचईएनटी१ नावाचे वाहक प्रथिन त्याला आत घेते. आत आल्यावरही तो निष्क्रियच असतो. डीऑक्सिसायटिडीन कायनेज हा विकर त्याला फॉस्फेट जोडतो, तेव्हा तो कार्यक्षम होऊन डीएनएची नक्कल थांबवतो. सायटिडीन डीॲमिनेज हा दुसरा विकर त्याला मोडून टाकतो. वाहक कमी झाले, पहिला विकर घटला किंवा दुसरा वाढला, यांपैकी काहीही घडले तरी औषध वाया जाते.

२०१७ मध्ये या यादीत एका अनपेक्षित पात्राची भर पडली. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या तपासलेल्या ११३ नमुन्यांपैकी ८६ मध्ये जीवाणूंचा अंश आढळला, आणि त्यांतील काही जातींच्या जीवाणूंकडे जेमसायटॅबीन मोडणारा विकर असतो असे दिसून आले. गाठीतील भक्षकपेशीही मागे नाहीत. त्या डीऑक्सिसायटिडीन बाहेर सोडतात. हा रेणू जेमसायटॅबीनसारखाच असल्याने दोघांत स्पर्धा होऊन औषधाचा प्रभाव घटतो.

कर्कपेशी आपले रूपही पालटतात. एकमेकींना घट्ट चिकटून राहणाऱ्या अस्तरपेशी सैल, भटक्या पेशींसारख्या होतात. हे रूपांतर रोग पसरण्यासाठी आवश्यक आहे असे मानले जाई. २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत हे रूपांतर घडवणारी जनुके काढून टाकली, तेव्हा रोगाचा प्रसार थांबला नाही. मात्र जेमसायटॅबीन अधिक लागू पडू लागले.

गाठीभोवतालचा गोतावळा

स्वादुपिंडाची गाठ कापून पाहिली तर तिच्यात कर्कपेशी थोड्याच आढळतात. काही गाठींच्या घनफळाचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग तंतुमय ऊतीचा असतो. कर्कपेशींनी पाठवलेल्या संदेशांमुळे स्वादुपिंडातील ताराकृती पेशी जाग्या होतात आणि कोलॅजेन व हायलुरोनिक आम्ल यांचे थर रचू लागतात. गाठीत दाब वाढतो, रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि रक्तातून येणारे औषध आत झिरपत नाही.

मग हा वेढाच मोडून काढला तर? हा विचार स्वाभाविक होता. कर्कपेशी हेजहॉग नावाचा संदेश सोडतात व तो भोवतालच्या तंतुपेशी ग्रहण करतात. हा मार्ग अडवणारे औषध जेमसायटॅबीनबरोबर दिले असता गाठीतील रक्तवाहिन्या वाढल्या, औषध आत पोहोचले आणि उंदरांचे आयुष्य दुपटीहून अधिक झाले, असे २००९ साली दिसून आले. आशा पल्लवित झाली आणि माणसांवरील चाचणी सुरू झाली. २०१२ मध्ये ती थांबवावी लागली, कारण नवे औषध घेणाऱ्या रुग्णांची स्थिती न घेणाऱ्यांपेक्षा वाईट होत होती.

या अपयशाचा उलगडा २०१४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधनगटांनी केला. उंदरांमध्ये तंतुमय ऊती घटवली असता उरलेली गाठ अधिक आक्रमक झाली. म्हणजे जो वेढा औषधाला आत येऊ देत नव्हता, तोच कर्कपेशींना काही अंशी बाहेर पडू देत नव्हता. २०१७ पासून या तंतुपेशींचे निरनिराळे प्रकार ओळखले गेले. कर्कपेशींना लागून असलेल्या काही पेशी आकुंचनक्षम असून त्या टीजीएफ-बीटाच्या प्रभावाखाली असतात. दूर असलेल्या काही पेशी दाह वाढवणारे रेणू सोडतात व त्यांना इंटरल्युकिन-१ चालना देते. सगळ्यांना सरसकट शत्रू मानणे ही पूर्वीची चूक होती. हायलुरोनिक आम्ल विरघळवणाऱ्या विकराचा प्रयोगही २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत निष्फळ ठरला.

याच गोतावळ्यामुळे रोगप्रतिकारक पेशीही गाठीत शिरून काम करू शकत नाहीत. के-रासच्या प्रभावाने कर्कपेशी असे संदेश सोडतात, की त्यामुळे टी-पेशींना दडपणाऱ्या पेशी गाठीत गोळा होतात. त्वचेच्या व फुप्फुसाच्या कर्करोगात क्रांतिकारक ठरलेली प्रतिकारोपचाराची औषधे येथे बहुतेकांना उपयोगी पडत नाहीत. डीएनए-दुरुस्तीतील विशिष्ट दोष असलेले सुमारे १ टक्का रुग्ण याला अपवाद आहेत.

के-रासवर थेट नेम

के-रासला औषध नाही, असे सुमारे तीन दशके मानले जात होते. जीटीपी त्याला इतका घट्ट धरून असतो आणि पेशीत त्याचे प्रमाण इतके असते, की त्याची जागा घेणारा रेणू बनवणे अशक्यप्राय होते. शिवाय प्रथिनाचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने औषध अडकेल अशी दुसरी खाचही दिसत नव्हती. २०१३ मध्ये अमेरिकेतील केव्हन शोकट यांच्या गटाने जी१२सी प्रकारातील सिस्टीनला कायमचे चिकटणारे रेणू शोधले आणि त्यांच्यामुळे उघडणारी एक लपलेली खाच दाखवून दिली. त्यातून पुढे सोटोरासिब व ॲडाग्रासिब ही औषधे आली. सोटोरासिबला २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

स्वादुपिंडात जी१२सी प्रकार १ ते २ टक्केच असल्याने या शोधाचा लाभ फार थोड्यांना झाला. अशा ३८ रुग्णांना सोटोरासिब दिले असता ८ जणांच्या, म्हणजे २१ टक्क्यांच्या गाठी आकसल्या. त्यांच्या बाबतीतही काही महिन्यांत रोग पुन्हा वाढू लागला. जी१२सी अडवणाऱ्या औषधांना रोध उत्पन्न झालेल्या रुग्णांच्या पेशी तपासल्या असता अनेक पळवाटा आढळल्या. कुठे के-रासमध्येच आणखी बदल झाला होता, कुठे त्या जनुकाच्या प्रती वाढल्या होत्या, तर कुठे साखळीतील पुढचा एखादा दुवा कायमचा चालू झाला होता. एकाच रुग्णात अशा अनेक पळवाटा एकाच वेळी सापडल्याचीही उदाहरणे आहेत.

के-रास पूर्णपणे काढून टाकले तर काय होते, याचे उत्तर २०१४ मधील उंदरांवरील प्रयोगाने दिले होते. के-रास बंद करताच गाठी विरल्या. परंतु काही काळाने त्यांतील काही परतल्या, आणि त्या पुन्हा वाढलेल्या गाठींपैकी काहींत के-रास नव्हतेच. त्यांची जागा यॅप१ नावाच्या प्रथिनाने घेतली होती. याखेरीज के-रासची वाट अडवलेल्या पेशी उपासमारीवर स्वभक्षणाने मात करतात, असे २०१९ मध्ये दिसून आले. आपलेच जुने घटक पचवून त्या ऊर्जा मिळवतात. म्हणूनच मेकला अडवणाऱ्या औषधासोबत स्वभक्षण थांबवणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे मलेरियावरील औषधांच्या कुळातील औषध देऊन पाहण्याच्या चाचण्या हाती घेण्यात आल्या.

जी१२डी व इतर प्रकारांसाठीची औषधे त्यानंतर आली. पैकी डॅराक्सोनरासिबची रीत वेगळी आहे. ते प्रथम पेशीतील सायक्लोफिलिन-ए या प्रथिनाला चिकटते आणि ही जोडी मिळून ‘चालू’ स्थितीतील रासला वेढते. बाराव्या स्थानी कोणते आम्ल आले आहे यावर ते अवलंबून नसल्याने स्वादुपिंडाच्या बहुसंख्य रुग्णांना ते देता येण्याजोगे आहे. आधीचे उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांत नेहमीच्या रसायनोपचाराशी त्याची तुलना करणारी तिसऱ्या टप्प्याची चाचणी हाती घेण्यात आली. निरोगी पेशींतील रासही काही अंशी अडवले जात असल्याने पुरळ व तोंड येणे हे त्याचे दुष्परिणाम आहेत.

दुरुस्तीतील दोषाचा उपयोग

थोड्या रुग्णांना बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकांतील दोष जन्मतः वारशाने मिळालेला असतो. त्यांच्या कर्कपेशींना तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही. त्यामुळे प्लॅटिनमयुक्त औषधे त्यांना अधिक लागू पडतात. २०१९ च्या चाचणीत अशा रुग्णांना ओलापॅरिब दिल्यावर रोग पुन्हा वाढण्यापूर्वीचा मध्यक काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. एकूण आयुर्मान मात्र वाढल्याचे दिसले नाही. येथील औषधरोधाची तऱ्हा विलक्षण आहे. काही कर्कपेशींत त्याच जनुकात दुसरा बदल होतो आणि त्यामुळे मोडलेले जनुक पुन्हा वाचता येण्याजोगे होते. दुरुस्तीचे काम पूर्ववत सुरू होते आणि औषध निष्प्रभ ठरते. निदानाच्या वेळी केलेल्या जनुकीय तपासणीवर पुढचे सर्व उपचार अवलंबून ठेवता येत नाहीत ते याचमुळे. रोग पुन्हा वाढल्यावर गाठीचा नवा नमुना, किंवा रक्तात उतरलेला गाठीचा डीएनए, तपासून पाहावा लागतो.